फुकटचं कार्ड, कामाचं कार्ड

"सर, लाइफटाइम फ्री आहे. विमानतळावर लाउंज फ्री, अपघात विमा फ्री, खरेदीला संरक्षण फ्री." फोनवरून क्रेडिट कार्ड देऊ करणारा हे एका दमात सांगतो. ऐकणारा चिखलीचा कापड दुकानदार असो की मेहकरच्या शाळेतले शिक्षक, मनात दोन प्रश्न येतातच. फीच घ्यायची नाही, तर बँकेला परवडतं कसं? आणि एवढं सगळं फुकट मिळत असेल, तर त्यातलं आपल्या उपयोगाचं काय?

त्याआधी एक घोटाळा दूर करू. बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक घरांत 'कार्ड' म्हटलं की पीककर्जाचं किसान क्रेडिट कार्ड आठवतं. ती योजना १९९८ साली सुरू झाली. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर सात टक्के व्याज आणि वेळेत फेडलं तर त्यातही तीन टक्क्यांची सूट, असा तिचा सरकारी सवलतीचा हिशेब आहे. या प्रकरणातलं कार्ड वेगळं आहे. त्यावर पीक घेता येत नाही, फ्रिज घेता येतो. आणि व्याज लागलंच, तर ते किसान कार्डाच्या पाच-सहा पट असतं.

१. फी नाही, मग बँक कमावते कुठून?

खामगावच्या बाजार समितीत तूर, सोयाबीन विकलेल्या माणसाला अडत्या ठाऊक असतो. तो विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभा राहतो. विकणाऱ्याला पैसे चुकते करतो, घेणाऱ्याकडून मागाहून वसूल करतो आणि या मध्यस्थीची अडत घेतो. क्रेडिट कार्डाची बँक हाच धंदा करते.

समजा, तुम्ही मलकापूरच्या दुकानातून २०,००० रुपयांचा टीव्ही कार्डावर घेतला. कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून साधारण दीड ते अडीच टक्के कापले जातात. दोन टक्के धरले तर त्याच्या खात्यात १९,६०० रुपये येतात. उरलेल्या ४०० रुपयांतला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. बाकीचे पैसे दुकानात मशीन बसवणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखं नेटवर्क यांच्यात वाटले जातात. म्हणून तुमच्याकडून फी न घेताही बँकेची अडत सुरूच असते. तुम्हाला 'रिवॉर्ड' म्हणून मिळणारा एक टक्का त्याच ४०० रुपयांतून येतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती अशी.

"कार्डावर घ्यायचं असेल तर दोन टक्के वर द्या," असं काही दुकानदार का म्हणतात, तेही यावरून कळतं. मशीन घेताना बँकेशी जो करार होतो त्यात असं मागणं सहसा बसत नाही, पण छोट्या गावांत ते चालतं. तिथे कार्ड बाहेर काढण्यापूर्वी हिशेब करा. एक टक्का मिळवायला दोन टक्के मोजण्यात काही अर्थ नाही.

बँकेची खरी मोठी कमाई मात्र दुसरीकडून होते: वेळेत पूर्ण बिल न भरणाऱ्यांचं व्याज, उशिराचा दंड, हप्ते पाडून दिल्याचं शुल्क आणि परदेशी चलनातल्या खर्चावरची आकारणी. हे सगळं फी नसलेल्या कार्डालाही लागू असतं.

२. 'फ्री'चे तीन प्रकार

जाहिरातीत एकच शब्द दिसतो, पण त्यामागे तीन वेगळे करार असू शकतात.

पहिला, आयुष्यभर मोफत. सुरुवातीची फी नाही आणि दरवर्षीचीही नाही. ॲमेझॉन पे आणि आयसीआयसीआय बँक यांनी २०१८ साली आणलेलं कार्ड या प्रकारातलं. आयडीएफसी फर्स्ट बँकेने २०२१ साली कार्डांच्या व्यवसायात उतरताना याच गोष्टीची जाहिरात केली होती.

दुसरा, पहिलं वर्ष मोफत. बाराव्या महिन्यानंतरच्या बिलात ५०० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ५९० रुपये दिसतात, तेव्हा माणूस चमकतो.

तिसरा, अमुक खर्च केला तर फी माफ. वर्षाला लाखभर रुपये खर्च करा, मग ५९० माफ. ज्याचा खर्च मुळातच तेवढा आहे त्याला हे चालेल. फी वाचवायला म्हणून वीस हजारांची जास्तीची खरेदी करणारा मात्र बँकेला हवं तेच करत असतो.

यातला तुमचा प्रकार कोणता, हे फोनवरच्या बोलण्यावर सोडू नका. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांसाठी सविस्तर निर्देश काढले आणि ते त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाले. त्यांनुसार मुख्य अटींचं एक पानी पत्रक अर्जासोबत द्यावं लागतं. मोफत कार्डाला छुपे आकार लावता येत नाहीत. शुल्कात बदल करायचा असेल तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं आणि तो बदल मान्य नसेल तर जादा पैसे न घेता कार्ड परत करता येतं. तुम्ही न मागता कार्ड पाठवून त्याचं बिल लावलं, तर बँकेला ती रक्कम मागे घ्यावी लागते आणि वर तिच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. सगळी बाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला ५०० रुपये भरपाई आहे.

३. पन्नास दिवस आणि बेचाळीस टक्के

कार्ड फुकट पडणार की महाग, हे फीवर कमी आणि बिल भरण्याच्या सवयीवर जास्त ठरतं. त्यासाठी दोन तारखा कळल्या पाहिजेत. एक, बिल तयार होण्याची. दुसरी, ते भरण्याच्या शेवटच्या दिवसाची.

समजा, तुमचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि २५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ६ ऑक्टोबरला घेतलेली वस्तू ५ नोव्हेंबरच्या बिलात येईल आणि तिचे पैसे २५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचे. म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. तीच वस्तू ४ नोव्हेंबरला घेतली तरी भरायची तारीख तीच, म्हणजे २१ दिवस. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, असं जाणकार सांगतात ते यामुळे.

आता दुसरी बाजू. बिलावर 'एकूण देय' आणि 'किमान देय' असे दोन आकडे असतात. ४०,००० रुपयांच्या बिलाचं किमान देय पाच टक्के धरलं तर २,००० रुपये होतं. ते भरलं की दंड चुकतो, व्याज चुकत नाही. उरलेल्या ३८,००० रुपयांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,३३० रुपये व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी २३९ रुपये. महिन्याचे झाले १,५६९. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन हजार भरले तर मुद्दलातले जेमतेम चारेकशे रुपये फिटतात. शिवाय व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं आणि बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते.

याच ४०,००० रुपयांच्या खरेदीवर एक टक्का रिवॉर्ड धरला तर मिळाले ४०० रुपये. एका महिन्याच्या व्याजात असे चार महिन्यांचे रिवॉर्ड बुडतात.

महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. यावर काही मर्यादा आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. म्हणजे इथे ग्राहकाचा आधार एकच उरतो: दर महिन्याला पूर्ण बिल भरणं. त्यासाठी खात्यातून 'एकूण देय' आपोआप वळतं होण्याची सोय कार्ड मिळाल्या दिवशीच लावून घ्या. फॉर्मवर खूण करताना 'किमान देय'च्या चौकटीत करू नका.

४. खरेदीचं संरक्षण: एका नावाखाली दोन गोष्टी

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो, कारण 'खरेदीला संरक्षण' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली गोष्ट विमा. कार्डावर घेतलेली वस्तू ठरावीक दिवसांत जळाली किंवा घरफोडीत गेली तर विमा कंपनी भरपाई देते. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर हे संरक्षण आग आणि घरफोडी यांपुरतंच असतं. वस्तू हातातून पडून फुटली किंवा बसमध्ये विसरली, तर ते सहसा लागू होत नाही. दागिने, रोकड, नाशवंत माल बहुधा वगळलेला असतो. खामगावच्या चांदीबाजारातून समई आणि पैंजण घेणाऱ्याने म्हणून आधी विचारून घ्यावं, की यादीत चांदी बसते का. दावा करायचा तर पोलिसांत तक्रार, पक्कं बिल आणि कार्डाची नोंद ही तिन्ही कागदपत्रं लागतात. फी नसलेल्या कार्डांवर हा विमा अनेकदा नसतोच. असला तरी रकमेची मर्यादा छोटी असते.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यवहारावर हरकत घेऊन पैसे परत मागण्याचा मार्ग. बँकवाले त्याला 'चार्जबॅक' म्हणतात. वस्तू आलीच नाही, खोक्यात मिक्सरऐवजी विटा निघाल्या, एकाच खरेदीचे पैसे दोनदा गेले, रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे आले नाहीत, अशा वेळी तुम्ही बँकेकडे हरकत नोंदवता. बँक नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेला विचारते. दुकानदाराला पुरावा देता आला नाही तर रक्कम तुमच्याकडे परत येते. अडत्या मधे उभा असल्यामुळे हे शक्य होतं. दुकानदार या अडत्याच्या नियमांनी बांधलेला असतो आणि त्याला या अडत्याशी पुन्हा धंदा करायचा असतो.

हा दुसरा मार्ग कार्डाला फी आहे की नाही यावर अवलंबून नाही. तो नेटवर्कच्या नियमांतून येतो, म्हणून साध्यात साध्या कार्डालाही मिळतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये १९७४ साली झालेल्या कायद्यांनी कार्डधारकाला असे हक्क दिले. ब्रिटनमध्ये तर शंभर पौंडांपेक्षा महाग वस्तूसाठी विक्रेत्यासोबत कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, पण नेटवर्कचे नियम आणि रिझर्व्ह बँकेचे निर्देश मिळून बरंच काम भागतं.

हरकत घेण्याचा क्रम असा ठेवा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, ईमेल किंवा ॲपवरचा संदेश चालतो. उत्तर आलं नाही की लगेच बँकेला कळवा, कारण हरकतीला मुदत असते आणि ती दिवसांत मोजली जाते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ, बिल, पार्सलचा क्रमांक जपून ठेवा. बिलातल्या नोंदीवर हरकत घेतली की ३० दिवसांच्या आत बँकेने खुलासा आणि गरजेप्रमाणे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

विक्रेता बेंगळुरूचा आणि तुम्ही संग्रामपूरचे असाल, तरी घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल होऊ शकते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर काही तक्रारी तिथेच मिटतात.

५. कार्ड दुसऱ्याच्या हाती पडलं तर

हेही संरक्षणच आहे आणि तेही प्रत्येक कार्डाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणामुळे माहिती फुटली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या अंगावर येतात.

पण ओटीपी तुम्हीच सांगितलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. म्हणून कार्ड हरवलं किंवा अनोळखी व्यवहाराचा संदेश आला, तर आधी कार्ड बंद करा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं यांचे स्विच ॲपमध्ये वेगवेगळे असतात. नको ते बंद ठेवा.

६. प्रवासाच्या सवलती, बुलढाण्यातून पाहिल्या तर

कार्डाच्या पत्रकावर सर्वात मोठ्या अक्षरांत लाउंज असतो. लाउंज म्हणजे विमानतळावरची बसण्या-खाण्याची खोली. आता नकाशा पाहा. बुलढाणा जिल्ह्यातून नियमित विमान सुटत नाही. चिखली, देऊळगाव राजाकडच्यांना छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. शेगाव, नांदुरा, मलकापूरचा माणूस तर मुंबई-हावडा मार्गावरची गाडी पकडतो. मेहकर, सिंदखेड राजाकडचे समृद्धी महामार्गाने जातात, नाहीतर एसटी किंवा खासगी ट्रॅव्हल्सने. वर्षातून एकदाही विमानात न बसणाऱ्याला चार लाउंजभेटी म्हणजे शून्य रुपये.

शिवाय लाउंज पूर्वीइतका मोकळाही राहिलेला नाही. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती ७५,००० वर नेली. इतर बँकाही याच वाटेने गेल्या. काही मोफत कार्डांवर रेल्वे स्थानकांवरच्या लाउंजची सोय असते. ती उपयोगी पडू शकते, पण स्थानकांची यादी वाचूनच. तुम्ही जिथे गाडी बदलता ते स्थानक यादीत नसेल, तर कागदावरच्या सोयीचा उपयोग नाही.

दुसरी सवलत विमा. इथे जरा थांबून विचार करू. प्रवासाच्या कार्डांवर बहुधा 'विमान अपघात' विमा असतो आणि तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं किंवा कार्ड अलीकडे वापरलेलं असावं, अशा अटी असतात. तो कायमचाही नसतो. एसबीआय कार्डने एलिट आणि प्राइमसारख्या कार्डांवरचा एक कोटी आणि पन्नास लाखांचा असा विमा १५ जुलै २०२५ पासून बंद केला. ही तर फी घेणारी कार्डं होती.

आपल्या भागातला मोठा धोका मात्र रस्त्यावरचा आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. विमान अपघाताचा विमा अशा वेळी काही देत नाही. त्यासाठी कोणत्या कार्डाची गरजही नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. रेल्वेचं ई-तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत खूण केली तर माणशी ४५ पैशांत दहा लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. जनधनच्या रुपे डेबिट कार्डावरही अपघात विमा असतो, फक्त ते कार्ड अधूनमधून वापरात असावं लागतं. या तिन्ही ठिकाणी एक काम न चुकता करा: वारसाचं नाव नोंदवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. विमा होता हेच घरात माहीत नसल्यामुळे कितीतरी दावे होतच नाहीत.

तिसरी सवलत तिकिटावरची. चार हजारांचं रेल्वे तिकीट कार्डावर काढलं आणि एक टक्का रिवॉर्ड मिळाला, तर ते ४० रुपये झाले. पण क्रेडिट कार्डाने पैसे भरताना आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर साधारण एक टक्का व्यवहार शुल्क लागतं. इकडचे ४० तिकडे गेले. हे शुल्क माफ करणारी रेल्वेची खास कार्डं आहेत, पण त्यांना फी असते. समजा, फी जीएसटीसह ५९० रुपये आहे आणि साध्या कार्डापेक्षा दोन टक्के जास्त फायदा होतो. मग वर्षाला २९,५०० रुपयांची तिकिटं काढली तर कुठे फी वसूल होईल. पुण्यात मुलगा शिकतो आणि घरचे वर्षातून तीनदा जातात, एवढ्याने ती रक्कम होते का, हा आकडा ज्याचा त्याने मांडावा.

एसटीने जाणाऱ्यांसाठी तर कुठलंच कार्ड सरकारी सवलतीची बरोबरी करू शकत नाही. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे.

चौथी गोष्ट परदेशी चलनाची. मुलगी जर्मनीत शिकत असेल किंवा घरचे हज अथवा परदेशी सहलीला जाणार असतील, तर हीच ओळ पत्रकात सर्वात आधी वाचा. परदेशात केलेल्या खर्चावर अनेक कार्डं साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावतात. लाख रुपयांच्या खर्चावर ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये. हा आकार शून्य किंवा अगदी कमी असलेली मोफत कार्डं बाजारात आहेत. कोणत्याही लाउंजपेक्षा ही बचत मोठी आहे आणि ती रोख आहे.

७. पगाराची स्लिप नसेल तर

शेतकरी, दुकानदार, ट्रॅक्टरवाले यांना बँक विचारते, "उत्पन्नाचा कागद?" प्राप्तिकराचं विवरण भरत असाल तर ते चालतं. नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा सरळ मार्ग आहे. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज सुरू राहतं आणि ठेवीच्या प्रमाणात कार्डाची मर्यादा ठरते. अशी बरीच कार्डं फी न घेता मिळतात.

मात्र ठेव कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांचं जाळं मोठं आहे. १९८६ साली बुलढाण्यात सुरू झालेली बुलडाणा अर्बन त्यातली सर्वांना माहीत असलेली. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिला क्रेडिट कार्ड काढता येत नाही आणि तिथली ठेव दुसऱ्या बँकेच्या कार्डासाठी तारण चालत नाही.

अर्ज करण्यापूर्वी आपला पत गुणांक पाहून घ्या. तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि सिबिलसह चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची तिथे नोंद होते आणि गुणांक खाली येऊ शकतो.

दुकानदारीच्या गावात आणखी एक गोष्ट पाहावी. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. मशीन नसलेल्या किराणा दुकानातही क्यूआर कोडवर ते चालतं आणि छोट्या दुकानदारांकडून २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर काही कापलं जात नाही. मात्र हे पैसे दुकानालाच देता येतात, मित्राच्या किंवा नातलगाच्या खात्यात टाकता येत नाहीत. आणि दिवसभरात दहा ठिकाणी स्कॅन करताना हे पैसे उधारीचे आहेत, याचा विसर पडतो.

८. निवडीचा हिशेब

आता कार्ड निवडू. कागदावर मागच्या वर्षाचा खर्च चार ओळींत लिहा: किराणा आणि वीजबिल, ऑनलाइन खरेदी, पेट्रोल, प्रवास. समोर कार्डाचं एक पानी पत्रक ठेवा आणि पाच गोष्टी तपासा.

एक, फी आयुष्यभर शून्य असल्याचं लेखी आहे का?
दोन, तुमचा सर्वात मोठा खर्च ज्या ओळीत आहे, तिच्यावर रिवॉर्ड मिळतो का? अनेक कार्डांवर पेट्रोल, भाडं, विमा हप्ता यांवर काही मिळत नाही.
तीन, प्रवासाच्या सोयीला खर्चाची अट किती, आणि ती सोय तुमच्या वाटेवर आहे का?
चार, खरेदीचा विमा असेल तर काय वगळलंय, किती दिवस, किती रकमेपर्यंत?
पाच, तक्रार करायला फोनवर माणूस भेटतो का? अर्ज करण्यापूर्वी ग्राहक सेवेला एक फोन लावून पाहा.

उदाहरणादाखल, देऊळगाव राजातल्या एका शिक्षिकेचा वर्षाचा कार्डावर बसणारा खर्च १,२०,००० रुपये धरू. त्यातला ऑनलाइन खरेदीचा ४०,०००, प्रवासाचा १५,००० आणि बाकी घरखर्च. ऑनलाइन खरेदीवर तीन टक्के आणि बाकीवर एक टक्का देणारं मोफत कार्ड घेतलं, तर १,२०० आणि ८०० मिळून २,००० रुपये हाती येतात. प्रवासावर जादा दोन टक्के देणारं ५९० रुपये फीचं कार्ड घेतलं, तर १५,००० वर जास्तीचे ३०० मिळतात आणि फी ५९० जाते. त्यांच्यासाठी मोफत कार्डच बरं. महिन्यातून दोनदा मुंबई-दिल्ली विमानाने जाणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशेब उलटा येईल, आणि त्याने फी खुशाल द्यावी.

थोडक्यात निकाल असा. खरेदीत फसवणूक झाली किंवा कार्डाचा गैरवापर झाला, तर खरं संरक्षण बँकेच्या आणि कायद्याच्या नियमांतून मिळतं, आणि ते मोफत कार्डालाही पूर्ण लागू आहे. अपघाताचं संरक्षण वीस रुपयांत वेगळं घेता येतं. म्हणून बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना आयुष्यभर मोफत असलेलं एक साधं कार्ड पुरतं. दुसरं, तिसरं घेण्याची गरज नाही. आणि ज्या महिन्यात पूर्ण बिल भरता येणार नाही असं वाटेल, त्या महिन्यात ते कार्ड कपाटात ठेवा.